नक्कल दिली की लेजरच दिलं?

बडोद्याच्या एका श्रोत्यांनी विचारलं आहे. त्यांच्या मंडळाची सभासदयादी पायथनमध्ये आहे. वर्गणी कोणाची बाकी, हे पाहायला त्यांनी एक फंक्शन लिहिलं. वर्गणी भरलेल्यांची नावं ते यादीतून काढून टाकतं. उत्तर बरोबर आलं. पुढे त्याच यादीवरून निमंत्रणं छापली, तर ती फक्त थकबाकीदारांची! आता फंक्शनमध्ये चूक सापडत नाही म्हणतात. तिथे सापडणारही नाही. यादी फंक्शनच्या हाती कशी गेली, ते बघा.

पलटणीतलं उदाहरण देतो. क्वार्टरमास्टरच्या लेजरची नक्कल कारकुनाला दिली, तर त्याने कितीही खोडाखोड केली तरी लेजर शाबूत. हे कॉल बाय व्हॅल्यू. मूळ लेजरच हाती दिलं, तर त्याची खोडाखोड हीच आपली नोंद. हे कॉल बाय रेफरन्स. सी भाषा फक्त नक्कल देते. मूळ बदलून हवं असेल तर आपण मुद्दाम पत्ता, म्हणजे पॉइंटर, द्यायचा. मला ही शिस्त आवडते.

पायथनचा मामला जरा तिरका. कारकुनाला लेजर तेच मिळतं, त्यामुळे खोडलेलं नाव सगळीकडून जातं. पण त्याने लेजर बाजूला सारून नवी वही उघडली, तर आपल्या लेजरला धक्का नाही. म्हणून बडोदेकरांनी नावं काढू नयेत. बाकीवाल्यांची नवी यादी बनवून परत करावी.

आता खरी गंमत. १९६० च्या अल्गोल ६० मध्ये तिसरी पद्धत होती, कॉल बाय नेम. नक्कल नाही, लेजर नाही, फक्त चिठ्ठी: ‘खण[न] मध्ये बघ’. आणि ती दर वेळी नव्याने वाचायची.

समजा न = २ आणि खण[२] = ५. दोघांची अदलाबदल करायची आहे. पायऱ्या तीन: पहिल्याची किंमत बाजूला ठेव, दुसऱ्याची पहिल्यात घाल, बाजूला ठेवलेली दुसऱ्यात घाल. नक्कल दिली तर बाहेर काहीच बदलत नाही. रेफरन्सने न = ५, खण[२] = २; हेच हवं होतं. चिठ्ठीने मात्र दुसऱ्या पायरीला न ५ झाला, आणि तिसऱ्या पायरीला चिठ्ठी पुन्हा वाचली तेव्हा ‘खण[न]’ म्हणजे खण[५] निघाला. २ तिथे जाऊन बसला. खण[२] मध्ये ५ तसाच, आणि पाचव्या खणात जे होतं ते विनाकारण गेलं. तिन्ही वेळा पायऱ्या अगदी त्याच, बरं का.

याच पुनर्वाचनाचा डेन्मार्कच्या यॉर्न येन्सन यांनी फायदा करून घेतला. बेरजेच्या फंक्शनला ‘१/न’ ही चिठ्ठी द्यायची आणि आतून न वाढवत न्यायचा. १ + १/२ + १/३ अशी बेरीज होत जाते. चिठ्ठी ‘न×न’ केली की तेच फंक्शन वर्गांची बेरीज करून देतं.