परकोट आणि कापूस : अमरावती एका दिवसात

वऱ्हाडच्या मैदानाला जुन्या महसुली दप्तरांत ‘पयानघाट’, म्हणजे घाटाखालचा मुलूख, असे म्हटले जाई. उत्तरेला सातपुड्यातील गाविलगडच्या रांगा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी पूर्णा, असा हा काळ्या मातीचा सपाट पट्टा असून अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडची दोन प्रमुख शहरे त्याच्याच आधाराने वाढली. मैदानी शहर पाहायला निघालेल्या माणसाची अडचण जगभर सारखीच असते: नजर ठरावी असा कडा, समुद्र किंवा मोठा नदीघाट तेथे नसतो, त्यामुळे येथे पाहण्यासारखे काय आहे, असे विचारल्यावर गावचा माणूसही क्षणभर थबकतो. अमरावतीला येणारे बहुतेक पाहुणे अंबादेवीचे दर्शन घेतात आणि चिखलदऱ्याची गाडी धरतात. वस्तुतः या शहराला एक सबंध दिवस द्यावा एवढा ऐवज त्याच्या पोटात आहे. मात्र तो पाहण्यासाठी हाती धागा हवा, आणि तो धागा कापसाचा आहे.

कॅनडातील प्रेअरी, म्हणजे झाडे विरळ असलेले अफाट गवताळ मैदान, आणि वऱ्हाड यांची हवा कमालीची वेगळी असली, तरी विनिपेगसारखे तेथील शहर अमरावती समजून घेण्यास उपयोगी पडते. हिमयुगाच्या अखेरीस विनिपेगच्या जागी अगासिझ नावाचे प्रचंड सरोवर पसरलेले होते. ते ओसरल्यावर तळाची चिकणमाती मागे राहिली, आणि ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. वऱ्हाडची काळी माती बेसाल्टच्या झिजेतून तयार झाली, म्हणजे तिचा जन्म निराळा, परंतु तिच्यातील खनिजांचा गुणधर्म तोच आहे. वैशाख-ज्येष्ठात शेतात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की त्याच भेगा मिटून बंडीची चाके रुततात. विनिपेगमध्ये घरांच्या तळघरांच्या भिंती या मातीमुळे सरकतात, तर वऱ्हाडात जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया नेल्याशिवाय दगड बसवीत नाही. हीच माती ओल धरून ठेवते, म्हणून तेथे गहू आणि येथे कोरडवाहू कापूस पिकला, आणि दोन्ही ठिकाणी एका पिकाच्या व्यापाराने शहर उभे केले. विनिपेगच्या जुन्या व्यापारपेठेला १८८७ साली स्थापन झालेल्या धान्यबाजारावरूनच नाव मिळाले आहे.

अमरावतीचा दिवस सकाळी लवकर, रस्ते मोकळे असताना, परकोटापासून सुरू करावा. परकोट म्हणजे शहराभोवतीची दगडी तटबंदी. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घेतला आणि भोसल्यांचा वऱ्हाडातील अंमल संपून हा मुलूख निजामाकडे गेला, पण त्यामुळे शांतता आली नाही. पेंढाऱ्यांच्या टोळ्या मध्य भारतात मोकाट फिरत होत्या आणि सुगीनंतर रोकड व माल जेथे साठे, त्या पेठा त्यांचे पहिले लक्ष्य असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अकोल्याकडील जाचाला कंटाळून अनेक कुटुंबे अमरावतीत येऊन राहिली होती आणि सावकारांच्या पेढ्यांमुळे गावाची सुबत्ता वाढली होती. या सधन पेठेच्या रक्षणासाठी निजाम सरकारने १८०७ मध्ये परकोटाचे काम सुरू केले. भिंतीची उंची २० ते २६ फूट, घेर सुमारे सव्वादोन मैल, आणि त्यात पाच दरवाजे व चार खिडक्या, असे तिचे वर्णन जुन्या गॅझेटियरमध्ये येते.

दरवाजा आणि खिडकी हा भेद येथे नीट ध्यानात घ्यावा लागतो. दरवाजा हा गाड्या, बैल आणि लवाजमा जाईल असा मोठा कमानीचा मार्ग, तर खिडकी म्हणजे माणसाने पायी ये-जा करावी एवढी तटातील लहान वाट; पेठेच्या रोजच्या व्यवहारासाठी माणसे आत-बाहेर करीत राहिली पाहिजेत, पण भरलेली गाडी मात्र पहाऱ्याच्या नजरेखालूनच गेली पाहिजे, ही सोय या दुहेरी रचनेने साधत असे. अंबा दरवाजा, नागपुरी दरवाजा, खोलापुरी दरवाजा, महाजनपुरी दरवाजा आणि आज जवाहर गेट म्हणून ओळखला जाणारा भुसारी दरवाजा हे पाच दरवाजे, तसेच पटेल, छत्रपुरी, माता आणि खुनारी या चार खिडक्या अमरावतीकरांच्या पत्त्यांत अजूनही नांदतात. यांपैकी खुनारी खिडकीला ते नाव एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील एका भीषण दंगलीवरून पडले. तीत तिच्या आसपास सुमारे ७०० माणसे मारली गेल्याचे सांगितले जाते. व्यापाराच्या रक्षणासाठी बांधलेली भिंत बाहेरच्या टोळ्यांना अडवू शकत होती, आतल्या वैराला नाही, हे या खिडकीपाशी उभे राहिल्यावर मनात येतेच.

महाराष्ट्रात किल्ले पाहण्याची सवय एवढी खोल रुजली आहे की कोणताही तट दिसला की त्याच्या आत राजवाडा, दारूकोठार आणि किल्लेदाराचा वाडा शोधला जातो. अमरावतीच्या परकोटात यांपैकी काही शोधू नये. त्याच्या आत वखारी, पेढ्या, धर्मशाळा आणि राहती घरे होती. संरक्षण सैन्याचे नव्हते, हुंडीचे, चोपड्यांचे आणि रुईच्या गोण्यांचे होते, आणि म्हणूनच महाराष्ट्रातील दुर्गांच्या यादीत बसवण्यापेक्षा त्याच्याकडे व्यापारी संस्थेची वास्तू म्हणून पाहणे अधिक उचित ठरते. जवाहर गेटच्या कमानीखाली दहा मिनिटे थांबले, तरी ही गोष्ट पटते: दुतर्फा दुकाने, हातगाड्या, कमानीतून वाट काढणाऱ्या दुचाक्या, म्हणजे ज्या कामासाठी ही वेस बांधली, ते काम दोन शतकांनंतरही तिच्याखालून अखंड चालूच आहे.

परकोटाचे काही भाग आजही उभे आहेत, काही ठिकाणी घरे थेट त्याला टेकून बांधली आहेत, तर काही ठिकाणी तो केवळ वस्तीच्या वळणावरून ओळखावा लागतो. विनिपेगमध्ये अप्पर फोर्ट गॅरी या व्यापारी कंपनीच्या कोटाचा एकच दगडी दरवाजा उरला, बाकी सगळा कोट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडून टाकला गेला. तरी त्या एका दरवाज्याभोवती बाग करून शहराने आपला आरंभबिंदू जपला आहे. अमरावतीकडे एकाऐवजी अनेक दरवाजे आणि खिडक्या आहेत. त्यांना क्रमाने जोडणारी वाट आखली, प्रत्येक ठिकाणी मराठीत चार ओळींचा फलक लावला आणि तटाच्या दगडात मुळे घुसवणारी पिंपळाची रोपे वेळच्या वेळी काढली, तर साडेतीन किलोमीटरची ही फेरी महाराष्ट्रातील उत्तम नगरदर्शनांपैकी एक होईल. यासाठी लागणारा खर्च मोठा नाही. लागते ती परकोट ही एकच वास्तू आहे, ही जाण, कारण सुटे दरवाजे सुटेच पाहिले गेले की मधल्या भिंतीचा वाली कोणी राहत नाही.

या भिंतीआड साठणारा कापूस जाई कोठे, हा यापुढचा प्रश्न. रेल्वेपूर्व काळात वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून, गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत आणि तेथून नावेने पुढे जात असे; १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवरचा कापूस कलकत्त्याला रवाना केल्याची नोंद आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेल्यामुळे अमरावतीसाठी तेथून सहा मैलांचा फाटा काढावा लागला. वऱ्हाडची आखूड धाग्याची रुई लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्याच नावाने, ‘उमरा’ म्हणून, विकली जाऊ लागली, आणि परकोटाचे प्रयोजन संपले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, वखारी आणि बाजार वेशीबाहेर मोकळ्या जागेत सरकले.

कापसाच्या बाजारात दुपारी जावे, हंगाम असेल तर अवश्यच, कारण येथे वऱ्हाडने देशाला दिलेली एक गोष्ट पाहायला मिळते. पूर्वी अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. या ‘हत्ता’ पद्धतीत आपल्या मालाचा सौदा काय झाला, हे शेतकऱ्याला बोटभर अंतरावर उभे राहूनही कळत नसे. १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तो भारतातील पहिला मानला जातो, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. नियंत्रित बाजार म्हणजे जेथे तोलाई, हमाली, दलाली यांचे दर ठरलेले असतात आणि व्यवहारावर समितीची देखरेख असते असा बाजार. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ या कायद्यात आहे. ज्या वर्षी हा कायदा झाला, त्याच १८९७ च्या अखेरीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत भरले आणि दादासाहेब खापर्डे हे त्याचे स्वागताध्यक्ष होते. कापसाच्या पैशावर वाढलेला वकील आणि व्यापारी वर्ग त्या काळी एवढा समर्थ झाला होता.

वऱ्हाडात जिनिंगच्या यंत्राला रेचा म्हणतात. त्याची क्रिया समजून घेण्यास अवघड नाही: चामड्याच्या खरबरीत रुळावर कापसाचे तंतू चिकटून पुढे ओढले जातात, रुळाला घट्ट लावलेले स्थिर पाते सरकीला अडवते, आणि दुसरे खालीवर होणारे पाते तिला ठोके देऊन तंतूपासून मोकळी करते, रुई एका बाजूला, सरकी दुसऱ्या बाजूला पडते. शंभर किलो कापसातून साधारण एक तृतीयांश रुई मिळते आणि बाकीचा भार सरकीचा असतो, जिचे तेल आणि ढेप होते. ही रुई दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते. शेतातून बंडीभर फुगून आलेला कापूस गाठीत केवढा आक्रसतो, हे समोर पाहिल्यावर प्रेस बसवणारा व्यापारी वाहतुकीत किती पैसा वाचवीत असे, याचा अंदाज येतो.

अंबादेवीचे आणि शेजारचे एकवीरादेवीचे देऊळ हे शहराचे सर्वांत जुने आकर्षण असून नवरात्रात तेथे वऱ्हाडभरातून माणसे येतात. रुक्मिणीहरणाची कथाही लोकपरंपरेने याच देवळाशी जोडली आहे. तथापि या देवळाचे अर्वाचीन महत्त्व १९२७ सालचे आहे. अस्पृश्य मानलेल्या समाजाला देवळात प्रवेश मिळावा म्हणून त्या वर्षी येथे सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली, एडिनबरोहून शिकून परतलेले डॉ. पंजाबराव देशमुख तिच्यात अग्रभागी होते आणि नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. काळाराम मंदिराचा नाशिकचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक असतो. अमरावतीचा लढा त्याच्या तीन वर्षे आधीचा आहे, आणि त्याची आठवण देवीच्या दर्शनाइतकीच ठळकपणे या जागी असायला हवी.

परकोटाबाहेरच्या अमरावतीने विसाव्या शतकात एकामागून एक संस्था उभारल्या. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे त्यांतील सर्वांत विलक्षण. तालमीच्या आखाड्यातून सुरू झालेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांपुढे केली, म्हणजे हुतूतूला जागतिक मैदान मिळण्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडच्या पोरांनी तो तेथे नेला होता. संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर मल्लखांबाचा सराव पाहावा: एरंडेलाने तुकतुकीत झालेल्या लाकडी खांबावर मूल पायाच्या आढीने स्वतःला उलटे तोलते, हात सोडते आणि पुढच्या पकडीला जाते, आणि हे सगळे श्वासाच्या लयीत, घाई न करता घडते. कुष्ठरुग्णांना घर आणि काम देणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन, पंजाबरावांनी काढलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि गाडगेनगरातील गाडगेबाबांची समाधी ही याच मालिकेतील ठिकाणे होत.

दिवस मावळताना वडाळी किंवा छत्री तलावाकडे जाण्याचा प्रघात आहे. मैदानी शहराला पाणीही स्वतःच करून घ्यावे लागते. कॅनडातील रेजायना शहराने १८८३ मध्ये एका ओढ्याला बांध घालून वास्काना तलाव केला आणि १९३१ च्या मंदीत बेकारांना काम म्हणून तो हातांनी खोदून खोल केला. अमरावतीचे तलावही असेच, पूर्वेच्या ठेंगण्या टेकड्यांच्या पायथ्याशी मुद्दाम बांधलेले आहेत.

ज्यांच्याजवळ आणखी अर्धा दिवस असेल, त्यांनी अकोल्यास जावे. वाटेत मूर्तिजापूर लागते, जेथून शकुंतला ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची कापसाची रेल्वे एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जात असे. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत धावले. अकोल्याचा असदगड मोर्णेच्या काठी १६९७ मध्ये औरंगजेबाच्या काळात असदखानाने बांधला, आणि तो पाहिल्यावर राज्यकर्त्याचा कोट आणि पेठेचा परकोट यांतील फरक अधिक स्पष्ट होतो. शहरालगत १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तेथे देशी आणि अमेरिकन कापसाच्या वाणांवर, तसेच पूर्णेच्या दोन्ही काठांवरील खारपाणपट्ट्यावर, म्हणजे जेथे विहिरीचे पाणी खारट लागते आणि ओलीत करता येत नाही अशा जमिनीवर, संशोधन चालते. ‘रजत’ हा वऱ्हाडच्या शेतकऱ्यांना परिचित असलेला वाण याच विद्यापीठाचा आहे.