वीज-केबल बदलली की गाणे बदलते का?

माझे एक स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. किशोरी आमोणकरांच्या ध्वनिमुद्रिका ऐकणे हा त्यांचा रोजचा परिपाठ. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या स्पीकरमधून सतत हलकी गुणगुण येऊ लागली. दुकानदार म्हणाला, "सर, अँप्लिफायरची वीज-केबल बदला." ही अंगठ्याएवढी जाड, दीड मीटरची केबल अठरा हजार रुपयांची होती. आठ दिवसांच्या बोलीवर त्याने ती दिली. त्याच रात्री सरांचा फोन आला, "गुणगुण आहेच, पण तानपुरा एकदम मोकळा वाटतो. घेऊन टाकू का?"

आधी थोडे गणित करू. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.017 ओहम असतो. दीड मीटरच्या साध्या केबलमध्ये जाण्याची व येण्याची अशी तीन मीटर तार, म्हणजे सुमारे 0.05 ओहम. घरगुती अँप्लिफायर अर्धा अँपिअर प्रवाह घेत असेल, तर केबलमध्ये दाब घटतो 0.025 व्होल्ट. आपल्या घरातला 230 व्होल्टचा दाब मात्र दिवसभरात दहा-पंधरा व्होल्टने सहज खाली-वर होतो! शिवाय ही वीज रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून शेकडो मीटर साध्या तारांतून आलेली असते. तिचा शेवटचा दीड मीटर राजमार्ग केल्याने काय साधणार?

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अँप्लिफायर ही वीज आहे तशी वापरतच नाही. आतला ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, डायोड प्रवाह एकाच दिशेने वाहता करतात आणि मोठे कपॅसिटर टाकीसारखे भरून राहतात. गाण्याचा संकेत या टाकीतल्या विजेवर मोठा होतो. स्पीकरच्या तारेची गोष्ट वेगळी. तिच्यातून गाण्याचाच प्रवाह जातो व स्पीकरचा रोध चार ते आठ ओहमच असतो. त्यामुळे ती फार बारीक व लांब असेल तर फरक पडतो.

मग सरांना ऐकू आले ते खोटे का? तसे म्हणणे मला पटत नाही. महाग वस्तू लावल्यावर आपण अधिक लक्ष देऊन ऐकतो, आणि लक्ष दिले की अधिक ऐकू येते. कानाला साक्ष विचारायची, तर डोळ्यांना बाजूला ठेवावे लागते.

आम्ही तसेच केले. अँप्लिफायरच्या मागची बाजू पडद्याआड घेतली. आत त्यांच्या नातवाने दर वेळी नाणे उडवून केबल ठरवली. तीच केबल पुन्हा आली तरी काढून परत खोचायची, म्हणजे आवाजावरून सुगावा लागत नाही. आवाजाचे बटण हलवायचे नाही आणि मुद्रिकेचा तोच तुकडा वाजवायचा. मी बाहेर बसून उत्तरे लिहिली. दर वेळी कोणती केबल लावली हे मलाही माहीत नव्हते.

दहापैकी सहा उत्तरे बरोबर आली. सर खूश झाले! पण नुसते नाणे उडवून दहापैकी सहा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता 1024 मध्ये 386, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त असते. वर्गातल्या चाळीस मुलांना प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवायला सांगा. साधारण पंधरा जणांना सहा किंवा अधिक छापे मिळतील. नऊ किंवा दहा बरोबर आली असती, तर मी विचारात पडलो असतो. त्याची शक्यता 1024 मध्ये 11 एवढीच आहे.

राहिली गुणगुण. ती मात्र खरी होती, आणि विजेशी संबंधितही. सरांनी टीव्हीचा आवाज अँप्लिफायरला जोडून घेतला होता. टीव्हीच्या केबलचे बाहेरचे वेष्टन इमारतीत दुसरीकडे अर्थ केलेले होते, तर अँप्लिफायर भिंतीतल्या तिसऱ्या पिनेने अर्थ झालेला. दोन्ही ठिकाणच्या अर्थमध्ये किंचित दाबांतर असले तरी त्या वेटोळ्यातून 50 हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि थेट संकेताच्या तारेत शिरतो. टीव्हीची केबल उपसताच गुणगुण थांबली. (अशा वेळी काही जण अँप्लिफायरच्या प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात. हे जिवावर बेतू शकते; कधीही करू नये.) टीव्हीच्या केबलमध्ये एक छोटा आयसोलेटर बसवून काम भागले.

अठरा हजारांची केबल सहाव्या दिवशी दुकानात परत गेली. तानपुरा तेव्हा थोडा अधिक मोकळा होता, असे सर अजूनही म्हणतात.