चाळिशीपर्यंत वाट पाहणारं संशोधन

हवाई द्वीपसमूहातल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन मानसशास्त्रज्ञांनी चाळीस वर्षं ठेवला. अनेकांचे आईवडील मळ्यांवर राबणारे. कुणाचे पूर्वज जपानचे, कुणाचे फिलिपिन्सचे, कुणी मूळचे हवाईचेच. मुलं एक वर्षाची झाली तेव्हा, मग दोन, दहा, अठरा, बत्तीस आणि शेवटी चाळीस वर्षांची झाली तेव्हा त्यांची विचारपूस झाली.

यातल्या सुमारे एक तृतीयांश मुलांची सुरुवातच बिकट होती. गरिबी, अवघड बाळंतपण, घरातली भांडणं, आईचं किंवा वडिलांचं दारूचं व्यसन वा मानसिक आजार, अशी चार-चार संकटं दुसरं वर्ष पुरं होण्याआधीच त्यांच्या वाट्याला आलेली. अशा तीन मुलांपैकी दोन पुढे अडखळली. कुणी अभ्यासात मागे पडलं, कुणी पोलिसांच्या हाती सापडलं, कुणी मुलगी शाळकरी वयातच आई झाली. पण ७२ जण शिकले, कामाला लागले, इतरांना जीव लावणारे झाले.

या ७२ जणांच्या घरी कोणतं गुपित होतं? घराकडे पाहून ते कळलंच नसतं, कारण घरं बाकीच्यांसारखीच होती. फरक असा की, या मुलांना जीव लावणारं निदान एक मोठं माणूस भेटलं होतं. बहुधा ती आजी असे, कधी मावशी, थोरली बहीण किंवा शाळेतली बाई. अनेकांवर धाकट्या भावंडांची जबाबदारी होती आणि त्यातून आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो हे त्यांना लहानपणीच कळलं होतं.

या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र त्यानंतरचा आहे. अठराव्या वर्षी ज्यांच्या नावापुढे काळजीची नोंद होती, त्यांतले बहुतेक जण तिशी-चाळिशीत सावरले. कुणी नोकरी करत पुढचं शिक्षण घेतलं, कुणी सैन्यात गेलं, कुणाला समंजस जोडीदार मिळाला. वर्नर अठराव्या वर्षीच थांबल्या असत्या, तर हे सारे ‘वाया गेलेले’ म्हणूनच कागदावर राहिले असते. दहावीच्या गुणांवरून मुलाचं उभं आयुष्य सांगणाऱ्या आपल्या समाजाने हा निष्कर्ष नीट वाचायला हवा.

संकट कोणत्या वयात येतं, यावरही बरंच अवलंबून असतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी ओकलंडमध्ये १९२०-२१ साली जन्मलेल्या मुलांच्या जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या. महामंदीत घरं बुडाली तेव्हा ही मुलं कमावून हातभार लावण्याच्या वयाची होती. त्यांच्या तुलनेत शेजारच्या बर्कलीत आठ वर्षांनी जन्मलेल्या मुलग्यांना तीच मंदी अधिक जड गेली. ते अजून आईवडिलांवर पूर्ण विसंबून होते.

सर्वांत गाजलेला अभ्यास हार्वर्डचा. १९३८ साली तो सुरू झाला तेव्हा विद्यार्थ्यांच्या शरीराची ठेवणसुद्धा बारकाईने मोजली जात होती. त्या २६८ विद्यार्थ्यांच्या जोडीला पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतले ४५६ मुलगे आले. पन्नाशीत ज्यांचे आपल्या माणसांशी संबंध समाधानाचे होते, ते ऐंशीत अधिक धडधाकट आढळले. या कामी कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांचा अंदाज खरा ठरला, असं आताचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात. पण हे सगळे गोरे पुरुष होते. त्यांच्या संसाराची हकीकत त्यांच्या बायकांनी कशी सांगितली असती, हे विचारायला अभ्यासकांनी फार उशीर केला.

त्या मानाने न्यूझीलंडच्या डनेडिनचा अभ्यास अधिक समावेशक आहे. १९७२-७३ मध्ये एकाच प्रसूतिगृहात जन्मलेल्या १,०३७ मुलामुलींपैकी जे पंचेचाळिशीला हयात होते, त्यांतले ९४ टक्के पुन्हा तपासणीला आले. परदेशी गेलेल्यांना विमानाचं तिकीट पाठवलं जातं. लहानपणी स्वतःला आवरता येणाऱ्या मुलांचं बत्तिसाव्या वर्षीचं आरोग्य आणि आर्थिक स्थिती चांगली होती, हा त्यांचा २०११ मधला निष्कर्ष बराच गाजला. वाढत्या वयात ज्यांचा संयम सुधारला त्यांचंही भलं झालं, हा त्याच शोधनिबंधातला भाग तितका गाजला नाही. शिक्षकांसाठी खरा तोच कामाचा आहे.

महाराष्ट्रात या परंपरेतलं मोठं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयात झालं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांच्या नोंदी सुरू केल्या. मूळ प्रश्न मधुमेहाचा होता. वजनाने कमी पण अंगात चरबी अधिक, असं भारतीय बाळ या कामामुळे जगाला कळलं. पुढे ही वाट मानसशास्त्राकडेही वळली. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व खूप कमी होतं, त्यांची मुलं नवव्या वर्षी अवधान आणि स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे होती.

म्हणून २०१२ पासून याच मुलामुलींना, ती किशोरवयात असतानाच, बी-१२ च्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. यथावकाश त्यांची लग्नं झाली, मुलं झाली. दोन वर्षांच्या नातवंडांची तपासणी झाली तेव्हा नुसतं बी-१२ मिळालेल्या गटातली मुलं आकलनात आणि भाषेत सरस ठरली. तपासलेल्या मुलांची संख्या लहान होती, त्यामुळे ती शाळेत जाऊन मोठी होईपर्यंत त्यांच्या नोंदी चालू राहायला हव्यात आणि त्यासाठीचा पैसा तीन-तीन वर्षांच्या अनुदानांच्या तुकड्यांत न येता सलग यायला हवा.