टार्टन : कापड जुने, कुळाशी नाते नवे

टार्टन म्हणजे रंगीत धाग्यांचे पट्टे उभ्या-आडव्या ठरावीक क्रमाने विणून तयार होणारे चौकड्यांचे, बहुधा लोकरी कापड. स्कॉटलंडमध्ये ते प्राचीन आहे. फॉल्कर्कला रोमन नाण्यांच्या मडक्यात सापडलेला चौकड्यांचा तुकडा तिसऱ्या शतकातला मानतात. प्रत्येक कुळाची स्वतंत्र चौकडी ही कल्पना मात्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली. स्टुअर्ट राजघराण्यासाठी उठलेले बंड मोडणाऱ्या कलोडनच्या लढाईचे (१७४६) डेव्हिड मोरिएचे चित्र पाहावे : एकाच हायलँडरच्या (स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेतल्या माणसाच्या) अंगावरचे कपडेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. लेखक मार्टिन मार्टिनने १७०३ मध्ये चौकडीवरून माणसाचा मुलूख ओळखता येतो असे लिहिले होते, हा आक्षेप रास्त आहे. पण तो मुलखाविषयी बोलतो, कुळाविषयी नव्हे.

लढाईनंतर हायलँडमधल्या पुरुषांना टार्टनचा पोशाख कायद्याने बंद झाला. फौजेला सूट होती. बंदी १७८२ मध्ये उठली. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांकडे त्यांच्या चौकडीचे नमुने मागितले, तेव्हा आपली चौकडी कोणती हे काहींना ठाऊकच नव्हते! १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने आखलेल्या त्या सोहळ्यात राजाने स्वतः टार्टनचा किल्ट घातला आणि मागणी उसळली. कुळांच्या चौकड्यांचा ‘प्राचीन’ आधार म्हणून १८४२ मध्ये छापलेला ‘वेस्टियारियम स्कॉटिकम’ हा ग्रंथ बनावट ठरला, तरी त्यातल्या अनेक चौकड्या आजही विकल्या जातात. आता नोंदणीसाठी सरकारी नोंदवही आहे (कायदा २००८चा). कुळाबाहेरच्याने टार्टन घालू नये, असा कायदा नाही. कुळ नसलेले अनेकजण गडद निळा-हिरवा ‘ब्लॅक वॉच’ निवडतात.