वऱ्हाडाची उत्तरेकडची भिंत

अकोटहून उत्तरेला निघालं की पऱ्हाटी-तुरीची सपाट वावरं संपतात आणि डोंगर एकदम अंगावर येतो. हा सातपुड्यातला गाविलगडचा डोंगर. आपली ट्रेकर मुलं सह्याद्री गाठतात, हिमालयात जातात. त्यांनी घरचा हा डोंगरही जाणून घ्यावा. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्याही आत, तर इथलं वैराट शिखर ११७८ मीटर उंच.

डोंगर असा ताठ का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर साचून बेसाल्ट तयार झाला. पुढे पायथ्याच्या रेषेत भूकवच तडकलं. तड्याच्या दक्षिणेचा भाग खचला, उत्तरेचा वर राहिला. खचलेल्या भागात नद्यांनी शेकडो मीटर गाळ भरला. तीच आपली पूर्णेची काळी जमीन. मोर्शीजवळ सालबर्डीला बेसाल्टच्या खालचे कितीतरी जुने खडक याच हालचालींमुळे उघडे पडले आहेत.

उत्तरेची बाजू मात्र वेगळी. तिकडे डोंगर एकदम तुटत नाही. मेळघाटातल्या एकामागून एक रांगांनी उतरत जातो. सिपना, खापरा, गडगा या नद्या तिकडून तापीला जातात. शहानूर आणि चंद्रभागा दक्षिणेला पूर्णेकडे धावतात. चांगदेवच्या संगमावर दोन्हीकडचं पाणी एक होतं.

या रचनेचं मोल १८०३ मध्ये कळलं. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई जिंकून इंग्रज नागपूरकर भोसल्यांच्या गाविलगड किल्ल्याकडे वळले. दक्षिणेचा कडा चढून हल्ला करणं जवळपास अशक्यच होतं. म्हणून इंग्रज सेनापती वेलस्लीने त्या बाजूने नुसता दबाव ठेवला आणि स्टीव्हन्सनच्या फौजेने एलिचपूरकडून डोंगरातून वाट काढत तोफा उत्तरेच्या पठारावर ओढून नेल्या. तिथून तट फुटला आणि १५ डिसेंबरला गड पडला.

चढणीचा खरा अनुभव घ्यायचा तर याच डोंगरातला नरनाळा किल्ला. शहानूर गावातून वन विभागाची परवानगी घेऊन निघावं. वाटेत बेसाल्टचे थर पायऱ्यांसारखे लागतात : कठीण थराचा उभा कडा, मग ठिसूळ थराचा सागाने झाकलेला उतार, पुन्हा कडा. एकापाठोपाठ दरवाजे ओलांडत महाकाली दरवाजापाशी आलं की थांबावंच. भोवती सगळा काळा दगड आणि हा दरवाजा फिकट वालुकाश्मात घडवलेला. त्यावर कोरलेली कमळं, बाजूचे नाजूक सज्जे आणि १४८७ सालचा लेख लक्ष वेधून घेतात.

पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. हे व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे, तेव्हा ठरलेली वाट सोडू नये, सोबत स्थानिक वाटाड्या घ्यावा. नरनाळा झाला की चिखलदऱ्याहून सेमाडोहकडे गाडीने उतरून डोंगराची दुसरी बाजूही पाहावी. दोन्ही उतार पाहिल्यावर वऱ्हाडातले गड, नद्या आणि काळी माती यांचं नातं उलगडतं. शाळांच्या सहलींनी तरी हा भूगोल पुस्तकाबाहेर येऊन शिकवायलाच हवा.