‘घरी लागलं’ असं सांगू नका

सकाळी साडेसातच्या सुमाराला आमच्या चौकात एक टेम्पो येऊन उभा राहतो. पाच-दहा मिनिटांत तो बायकांनी गच्च भरतो आणि एमआयडीसीच्या रस्त्याला लागतो. कुणी शिलाईच्या युनिटमध्ये जाते, कुणी मसाल्याच्या पॅकिंगला, कुणी प्लॅस्टिकच्या कारखान्यात. स्वयंपाक, पोरांचे डबे, सासूबाईंचा चहा असं सगळं उरकून आलेल्या या बायका. टेम्पोत बसल्यावरच काय ती दोन घटका उसंत. त्यांच्या पगारावर कुणाच्या घरी शाळेची फी भागते, कुणाचा बचत गटाचा हप्ता जातो.

संध्याकाळी सहाला याच टेम्पोतून उतरणारी आमच्या गल्लीतली एक मुलगी एके दिवशी दुपारीच घरी आली. उजव्या हाताच्या बोटाला हे एवढं बँडेज. शिलाई मशीनची सुई नखातून आरपार गेली आणि आतच मोडली होती. मशीनवर सुईपुढे एक छोटा गार्ड असतो, बोट आत जाऊ नये म्हणून. दोरा ओवायला वेळ जातो, पीस कमी निघतात, म्हणून तो काढून ठेवलेला होता. तिच्याच नव्हे, अख्ख्या लाईनच्या मशीनवरचा.

सुपरवायझरने तिला गाडीवर बसवून जवळच्या दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाला, “डॉक्टरांना सांग, घरी मशीनवर लागलं म्हणून. उगाच कागदपत्रांची भानगड नको. औषधाचे पैसे शेठ देतील.” तिने तसंच सांगितलं. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं.

संध्याकाळी तिची आई माझ्याकडे आली. “काकू, बरोबर केलं ना पोरीने?”

आणि दर पंधरवड्याला इथे तुम्हाला शहाणपणाच्या गोष्टी सांगणारी मी काय म्हणाले असेन? म्हणाले, “जाऊ दे गं. बोट वाचलं ना? काम टिकलं, ते महत्त्वाचं.”

पंधरा दिवसांनी बोटात पू झाला. सुईचा बारीक तुकडा आत राहिला होता. छोटं ऑपरेशन करावं लागलं, दीड महिना काम बंद. शेठनी औषधाला म्हणून एकदा पाचशे रुपये दिले होते, त्यानंतर कुणी फिरकलं नाही. तिची पगाराची चिठ्ठी मी पहिल्यांदाच नीट वाचली तेव्हा कळलं, की तिच्या पगारातून दरमहा ईएसआयची कपात होत होती!

कापलेले पैसे कशाचे?

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला तो लागू होतो. २०१७ साली त्यासाठी पगाराची मर्यादा महिना २१ हजार रुपये करण्यात आली. २०१९ साली ठरलेल्या दराप्रमाणे कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे दहा हजार पगार असेल तर आपले पंचाहत्तर रुपये आणि मालकाचे सव्वातीनशे.

या पंचाहत्तर रुपयांत काय काय मिळतं, हे आपण कधी विचारतच नाही. घरच्यांसकट उपचार मिळतात. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. आजारी पडलं तर ठरावीक दिवस पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. आणि कामावर दुखापत होऊन तीन दिवस किंवा जास्त घरी बसावं लागलं, तर बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के. त्यासाठी अमुक महिने नोकरी झालेली हवी अशी अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातसुद्धा त्यात धरला जातो. बोट, हात कायमचा निकामी झाला तर दरमहा रक्कम मिळते.

पण हे सगळं केव्हा? अपघात कामावर झाला असं कागदावर असेल तेव्हा. आमच्या पोरीच्या केसपेपरवर ‘घरी’ हा एक शब्द होता. आम्ही ईएसआयच्या कार्यालयात चार हेलपाटे घातले. शेवटी तिला आजारपणाचे ७० टक्के मिळाले, तेही ईएसआयच्या डॉक्टरांनी दाखला दिला तिथून पुढचे. आधीचे दिवस बिनपगारी गेले. पुढेमागे बोट वाकेनासं झालं तर त्याची भरपाई मागायला हातात पुरावा नाही. सुपरवायझरच्या सोयीसाठी बोललेला एक शब्द तिला एवढ्याला पडला. आणि माझं ते ‘जाऊ दे गं’सुद्धा.

याहून वाईट पुढे घडलं. तीन आठवड्यांनी त्याच लाईनवर दुसऱ्या एका वहिनींच्या बोटात सुई गेली. गार्ड अजून काढलेलाच होता. कसा बसवणार? कागदावर पहिला अपघात झालाच नव्हता. जो झालाच नाही, तो पुन्हा होऊ नये म्हणून धडपड कोण करील?

केकवरची मेणबत्ती

सुई बोटात गेली, जीव तर वाचला, असं वाटेल. पण सगळ्याच जणी एवढ्यावर सुटत नाहीत. ७ जून २०२१ रोजी पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथे एका रासायनिक कारखान्याला आग लागली. सतरा कामगार गेले, त्यात बहुतेक बायका होत्या. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडजवळच्या तळवड्यात आग लागली, ती एका छोट्या युनिटमध्ये. वाढदिवसाच्या केकवर आपण फुलबाजीसारखी उडणारी मेणबत्ती लावतो ना, ती तिथे तयार होत होती. त्या दिवशी सहा बायका जागीच गेल्या, आणि नंतर रुग्णालयात आणखीही काही जणी.

त्याही अशाच सकाळी डबा घेऊन निघाल्या असतील. ‘हलकं काम आहे, बसून पॅकिंग करायचंय,’ असंच घरी सांगितलं असेल. हलकं काम आणि सुरक्षित काम यांत केवढा फरक आहे! हाताखालची पावडर ठिणगीने पेट घेते का, पिंपात काय आहे, बाहेर पडायला दुसरं दार आहे का आणि त्यापुढे खोकी तर रचून ठेवलेली नाहीत ना, हे विचारायला शिक्षण लागत नाही.

दुसरी एक गोष्ट बायका एकमेकींतसुद्धा कुजबुजत बोलतात. कामाच्या जागी संडास नीट नाही, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही. मग लघवीची जळजळ, ताप, अंगावर काढलेलं दुखणं. यालाही ‘घरचंच दुखणं’ म्हणतात. पण ते आलंय कारखान्यातून. स्वच्छ संडास आणि पिण्याचं पाणी देणं हे मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे, उपकार नाहीत.

सगळेच मालक वाईट असतात असं मुळीच नाही. नीट चालवलेल्या कारखान्यात नुसता अपघातच नव्हे, तर ‘थोडक्यात वाचलो’ असा प्रसंगही वहीत लिहून ठेवतात. तेल सांडून कुणी घसरलं पण पडलं नाही, तरी नोंद होते आणि ते तेल का सांडलं हे शोधलं जातं. लिहिण्याला घाबरणारा कारखाना आणि लिहिण्यावर भर देणारा कारखाना, यांत बोटं कुठे शाबूत राहतात हे सांगायला नको.

बोलायचं कुणी?

‘बोललं तर काम जाईल,’ ही भीती खोटी नाही. म्हणून एकटीने बोलू नका, चौघींनी मिळून बोला. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची मोठी सभा घेतली, आठवड्याची सुटी मिळावी म्हणून. त्या सभेत दोन कामगार बायकाही उभ्या राहून बोलल्या होत्या. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी! आज आपल्याला मिळणाऱ्या रविवारच्या सुटीत त्यांचाही वाटा आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्याची जागा आता नव्या कामगार संहितेने घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. रात्रपाळीला बाईची संमती आणि तिच्या सुरक्षेची व्यवस्था हवी. तेव्हा ‘आपण तर नुसत्या रोजंदारीवर’ असं म्हणून गप्प बसू नका, आधी कागद मागा.

मैत्रिणींनो, एवढं तरी लक्षात ठेवा:

• पगाराची चिठ्ठी आणि नेमणूकपत्र घरी जपून ठेवा. ईएसआयचा नंबर घरच्या माणसांनाही माहीत असू द्या.
• लागलं तर डॉक्टरांना खरं सांगा: कुठे, किती वाजता, कोणत्या मशीनवर. केसपेपर वाचून घ्या, येत नसेल तर वाचून घ्यायला सांगा.
• कारखान्याच्या अपघात रजिस्टरमध्ये नोंद करायला लावा. जवळ कोण होतं त्यांची नावं लिहून ठेवा.
• चालू मशीन साफ करू नका. ओढणी, पदर, वेणी, बांगड्या आवरून बसा. गार्ड काढायला सांगितला तर ‘का?’ म्हणून विचारा.
• पहिल्याच दिवशी बाहेर पडायची दोन्ही दारं चालत जाऊन बघा.
• ऐकलं जात नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या जिल्ह्याच्या कार्यालयात लेखी अर्ज देता येतो.

८ मार्चचा महिला दिन आपण हळदीकुंकवासारखा साजरा करतो. त्याच्या चार दिवस आधी, ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. मंडळातल्या एखाद्या ताईंनी त्या दिवशी टेम्पोतल्या बायकांना बोलवून हे चार कागद समजावून सांगितले, तर फुलं देण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं होईल.

आमची ती मुलगी परत कामावर जायला लागली आहे. दोघींना लागल्यावर लाईनवरच्या सगळ्या जणी एकत्र शेठकडे गेल्या, तेव्हा कुठे गार्ड बसले. बोट मात्र थंडीत अजून ठणकतं. परवा तिची आई म्हणाली, “काकू, तेव्हा आपल्याला माहीत असतं तर!”

मला माहीत असायला हवं होतं. आज संध्याकाळी तुमच्या घरातली कुणी, लेक, सून, जाऊ किंवा घरधनी, कामावरून परत येईल. चहा देताना एवढंच विचारा, “तुमच्याकडे बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे?” उत्तर यायला वेळ लागला, तर उद्या सकाळी टेम्पोत बसायच्या आधी तेच पहिलं काम समजा.