रिळं सरकारची, गोष्ट सोलापूरची

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत मुंबईत सिनेमा काढायचा, तर गोष्टीआधी कच्ची फिल्म शोधावी लागे. ती यायची परदेशातून, आणि आलेली सरकार परवान्यावर मोजून वाटायचं. चित्रपट ११,००० फुटांत बसवायचा, म्हणजे जेमतेम दोन तास. डझनभर गाण्यांच्या सवयीला ही कात्रीच होती. वर निर्मात्यांनी युद्धाला हातभार लावणारे चित्रपटही काढावेत, असा सरकारी आग्रह.

व्ही. शांतारामांना हे खातं आतून ठाऊक होतं. सरकारच्या फिल्म ॲडव्हायझरी बोर्डात त्यांनी काही काळ काम केलं होतं. १९४२मध्ये प्रभात फिल्म कंपनीतून बाहेर पडून त्यांनी परळला राजकमल कलामंदिर उभारलं. आता युद्धपट काढायचा, पण देश ‘चले जाव’च्या आगीत असताना साहेबाच्या फौजेचे पोवाडे कोण गाणार?

वाट सापडली ती सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांमुळे. १९३८मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच गेले, वय अवघं ३२. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पुढे त्यांनी आणि व्ही. पी. साठ्यांनी त्यावरून पटकथा रचली.

आता यातली गंमत पाहा. पडद्यावरचा शत्रू जपान. तोच इंग्रजांचाही शत्रू, म्हणजे सरकारी अट पुरी. आणि नायक कोण? काँग्रेसने धाडलेला डॉक्टर, तेही काँग्रेसचे पुढारी अहमदनगरच्या किल्ल्यात डांबलेले असताना! फिल्मच्या टंचाईतून असा राष्ट्रीय चित्रपट काढून घेणं हे मला शांतारामांच्या कॅमेऱ्याहूनही मोठं कसब वाटतं.

कोटणीस झाले स्वतः शांताराम. त्यांची चिनी पत्नी झाली जयश्री, चिनी सेनानी बाबुराव पेंढारकर, आणि संगीत वसंत देसाईंचं. आज ते मराठमोळे ‘चिनी’ चेहरे पाहताना हसू आवरत नाही, हे खरं.

प्रचारपट म्हटला की सत्याला थोडी मुरड पडतेच. खरे कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले. पडद्यावरचे कोटणीस मात्र प्लेगवर इलाज शोधतात आणि शेवटी त्याच प्लेगला बळी पडतात. अपस्मारात नाट्य कमी. प्लेगने मात्र मृत्यूला हौतात्म्याची कळा येते. पत्नी गुओ छिंगलान आणि जेमतेम काही महिन्यांचा मुलगा मागे राहिले, ते मात्र खऱ्या आयुष्यातही.

‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ झळकला १९४६ साली. जपानने शरणागती पत्करली होती १९४५च्या ऑगस्टमध्येच. त्यामुळे ज्या लढाईसाठी तो काढला, तिच्या काही कामी तो आला नाही. लोक गेले ते सोलापूरच्या डॉक्टरला पाहायला.